गंज

तो जिल्हा मी पाहिलेला नाही.
सव्वीस वर्षं जोखतो आहे फक्त
तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात,
गाळा एकशे बाराच्या काट्यावर.

गोणीवरचा शिक्का वाटेतच झिजतो.
शेवटचं ‘गंज’ तेवढं उरतं.
आधीची अक्षरं मी कुणाला विचारली नाहीत.
माझ्या वहीत जिल्ह्याचं नाव: गंज.

सपाट असणार.
जुन्नरकडच्या गोणीत हमखास खडा निघतो,
गंजच्या गोणीत इतक्या वर्षांत
एक दगड नाही.
मग तिथे कुत्र्याला काय मारतात?
बांधाच्या कोपऱ्यात काय पुरतात?
देव कशाचे घडवतात?
‘माटी के,’ म्हणाला ट्रकवाला रामसुरत,
आणि चहात बिस्कीट बुडवलं.

फाल्गुनात येतो तो पातळ सालीचा,
नखाने सोलला जातो.
श्रावणात येतो तो शीतगृहात झोपून,
डोळे सुजलेला.
एवढंच मला तिथलं हवामान माहीत.
लोकसंख्या विचाराल तर, एक.
एक डावखुरा.
सुतळीची गाठ उलटी मारायचा,
शेवटी टोक आत दुमडायचा,
उघडणाऱ्याच्या बोटाला टोचू नये म्हणून.
ती गाठ दिसली की माथाडी बाबर ओरडायचा,
‘मापाडी, तुमचा पाव्हणा आला!’

कधी गोणीत बांगडीचा हिरवा तुकडा,
कधी सत्राच्या पाढ्याचा फाटका कागद,
सतरा सते एकशे एकोणीसपर्यंत बरोबर,
पुढे चुकलेला.

नदी आहे म्हणे. रुंद.
एका पावसाळ्यात रामसुरतच्या काकाचं शेत
तिने या काठावरून उचललं
आणि चार वर्षांनी पलीकडे ठेवलं, वाळूसकट.
शेत परत मिळालं,
पण आता होडीने जावं लागतं.
मला हसू आलं. त्यालाही.
मी म्हटलं, आमच्याकडे नदी नव्हती,
नोटीस आली होती.
हा काटा जिथे ठेवलाय तिथेच कुठेतरी
बाबांचं भाताचं खाचर, अठरा गुंठे, खाऱ्या बांधाचं.
त्या बदल्यात साडेबारा टक्के मिळाले,
वाशीकडचा भूखंड, तोही सहा भावांत.
जोमा पाटील मरेपर्यंत मार्केटात आला नाही.
‘माज्या शेतान मी चपला घालून कसा येऊ?’ म्हणायचा.

परवाच्या मार्चपासून गाठ बदलली.
उजवी, घाईची, टोक बाहेर.
रामसुरतला विचारलं.
‘बोरा सिलने वाले सौ लोग हैं, साहब,
किसका पूछ रहे हो?’
खरंच, कुणाचं?
मी त्या दिवशी दोन गोण्या कमी लिहिल्या,
पुन्हा मोजायला लागलं सगळं.

बटाट्याला माती येते.
गोणीमागे तीनशे ग्रॅम तरी,
ती झडते, झाडूवाली कांता ती गटारात लोटते,
गटार नाल्याला, नाला ठाण्याच्या खाडीला.
काल पाळी संपल्यावर वहीच्या मागच्या पानावर
मी उगाच हिशेब मांडला.
दिवसाला चारशे गोण्या,
वर्षाचे दोनशे ऐंशी दिवस,
गुणिले सव्वीस.
पावणेनऊशे टन.
एक फूट खोल पसरलं तर
वीस गुंठे होतात.

बाबांपेक्षा दोन जास्त.

ओहोटीला खाडीपुलावरून चिखल दिसतो,
पक्षी त्यात चोची खुपसून उभे.
कोणता चिखल कुठला
हे त्यांना कोण सांगणार.
मी चपला काढल्या,
कठड्याला टेकून जरा उभा राहिलो,
मागून हॉर्न वाजला, पुन्हा घातल्या.