आरवाडे सरांची वही परत करताना

सर,
वही परत पाठवतेय. एस.टी.च्या कंडक्टरकडे नाही;
प्रज्योतचे वडील सोमवारी सांगलीला सौद्याला येतात,
त्यांच्याकडे, दुहेरी पिशवीत.
घड्याळ मात्र अजून आठ दिवस राहू द्या.
त्याचं डावं बटण अडकतं, हे तुम्ही सांगितलं नव्हतं.
पोरांनी शोधून काढलं, आणि आता
टॉस जिंकला की सगळे उजवी बाजू मागतात.

तासगावात आमचा वर्ग शेडच्या माडीवर.
खाली बेदाण्याची प्रतवारी, वर पोरांची.
गंधकाचा वास जिन्यावरून चढतो
आणि पहिल्या ओळीत बसतो.
एका संचात पांढरं प्यादं कमी होतं,
तिथं मी पिवळा बेदाणा ठेवला.
सातव्या खेळीला प्रज्योतने तो मारला
आणि खाल्ला.
नियमात बसतं का, हे नंतर विचारलं.

वहीतलं काय चाललं, काय नाही, तेवढं लिहिते.
पान नऊ, राजासमोर राजा:
फळ्यावर कुणालाच कळेना.
मग दोघांना शहाबादी फरशीवर उभं केलं,
मध्ये एक फरशी मोकळी,
म्हटलं, आता ज्याची पाळी तो फसला.
मुल्लांची तहसीन बराच वेळ हललीच नाही.
"मॅडम, आमच्या घरी पण असंच," म्हणाली,
"जो आधी बोलतो, तो जागा सोडतो."
हे मी वहीत लिहिलेलं नाही.

पान बावीस, सुरुवातीचे सापळे:
फाडलं नाही, टाचणी मारून बंद केलंय.
चार चालींत मात कळली की पोरं
महिनाभर दुसरं काही शिकत नाहीत.
जतच्या ओलेकरांनाही विचारा,
त्यांच्याकडं तर एकाने आजोबांना हरवून
जेवणाच्या ताटावरून उठवलं.

आता पान एकतीस.
पांढरा राजा, कडेचं प्यादं, उंट.
काळा राजा कोपऱ्यात.
खाली तुमच्या निळ्या शाईत: पांढरा जिंकतो.
बाकीच्यांनी तसंच लिहून चपला शोधायला घेतल्या.
तहसीन बसून राहिली.
"हा उंट पांढऱ्या घरांतला, कोपरा काळा.
जन्मभर फिरला तरी तिथं पोचायचा नाही.
आणि राजाला फार दाबलं, तर कोंडी.
बरोबरी आहे, मॅडम."

मी पट मांडला. मोडून परत मांडला.
उंट ई-तीनवर हवा होता, सर.
ई-चारवर काढलाय.
ही वही तुम्ही कराडहून येताना एस.टी.त उतरवलीत ना,
कुणाचं तरी पुस्तक रात्रीत परत द्यायचं होतं म्हणून?
पेठ नाक्याचा खड्डा असेल.

मग रात्री आठवलं:
अकरा वर्षांची असताना हेच पान
मी तुमच्यासमोर सोडवलंय.
मलाही वाटलं होतं, उंट पोचत नाही.
पण वहीत आहे म्हणजे असेलच, म्हणून
"पांढरा जिंकतो" लिहिलं,
आणि तुम्ही बरोबरची खूण करून
शाबास म्हणालात.
घरी जाईपर्यंत मी ते शाबास
कुणाला हात लावू दिलं नव्हतं.
त्याचं आता काय करू?

खोडलं काहीच नाही.
तुमच्या शाईखाली तहसीनला
पेन्सिलने लिहायला लावलं, तारखेसकट.
तिचं अक्षर मोठं, ते बत्तिसाव्या पानावर सांडलंय.
वर कागदाची पट्टी लावलीय.
पुढच्या महिन्यात वही जतला जाईल तेव्हा
पोरांनी आधी पट मांडावा, मग पट्टी उचलावी.
ओलेकरांनाही उंटाबद्दल काही सांगू नका.
ते किती वेळ घेतात ते मला बघायचंय.

तुमची,
वैजयंता.

ता.क. हरवलेलं प्यादं घड्याळाच्या डब्यात सापडलं.
प्रज्योत म्हणतो, राहू दे, बेदाणाच बरा.