टक्

ईलीहून सेंट लुईस, बसनं चौदा तास.
निघालो तेव्हा तळी अजून गोठलेलीच होती,
आयोवात काळी, ओली, नुकती नांगरलेली शेतं,
आणि मिसुरीत उतरलो तर झाडांना चक्क पानं.
"एका दिवसात महिना संपला," मरियम म्हणाली,
जाकीट काढलं, त्याची उशी केली
आणि पार्किंगमध्येच परत झोपली.

आमच्या रोबॉटचं नाव ग्लॅडिस.
लॉइडच्या सासूचं.
"तीही अशीच डावीकडे ओढायची,"
यापुढे त्यानं काही सांगितलं नाही.
चाळीस वर्षं लोखंडाच्या खाणीत वायरमन होता तो,
निवृत्तीनंतरचे सगळे शनिवार आम्हाला दिले
आणि शाबास कधी म्हणाला नाही.
अगदीच खूश असला तर, "चालेल."

लोक विचारतात, शेवटी जिंकलं कोण?
खरंच आठवत नाही. निळे शर्ट होते.

आठवतं ते हे, की वजनकाट्यावर ग्लॅडिस
दोनशे ग्रॅम जास्त भरली,
आणि आर्विडनं ड्रिल घेऊन तिच्या फासळ्यांना
एकोणीस भोकं पाडली,
तरी आठ ग्रॅम उरलेच,
तेव्हा तिच्या कपाळावरचं गावाचं स्टिकर
नखानं सोलून काढलं.
नंतर तीन दिवस तो ते स्वतःच्या कपाळावर लावून हिंडला.

शेजारी इझमीरची मुलं होती.
आमची चेन तुटली तशी ओनुर आख्खा डबाच घेऊन आला.
इंग्रजी अडलं तिथं त्यानं तोंड उघडून
स्वतःचे दात मोजून दाखवले:
गिअर किती दात्यांचा?
बदल्यात आम्ही मरियमच्या आईचे सांबूस दिले
आणि रानतांदळाची पिशवी.
हा भात काळा का, त्यांनी विचारलं.
लॉइड ओजिब्वे, त्याच्या जिव्हाळ्याचा विषय.
खुर्चीची होडी केली, दोन स्क्रू-ड्रायव्हरच्या काठ्या,
एकीनं गवत वाकवायचं, दुसरीनं हलकेच झोडायचं,
दाणे होडीत, थोडे पाण्यात, पुढच्या वर्षासाठी.
एवढा बोललेला तो मला आधी माहीत नव्हता.
तपासणीस येऊन थांबले होते. तेही बघत राहिले.

मग शनिवार.
ग्लॅडिस सहा सेकंद धावली आणि थांबली.
दिवा गेला.
वीस हजार माणसं ओरडत होती
आणि मरियम काचेपलीकडे जॉयस्टिक धरून उभी,
जणू सोडली तर ती खाली पडेल.
ती, म्हणजे कोण, ते मला आजही सांगता येणार नाही.

बॅटरी माझ्याकडे होती.
कनेक्टर बसला की टक् वाजतं.
वाजलं होतं?
की वाजायला हवं म्हणून मी ऐकलं होतं?

त्या सामन्यात इझमीरवाले आमच्या बाजूनं होते.
त्यांचा रोबॉट चेंडू टाकायचा सोडून वळला,
मैदान ओलांडून आला, मागून टेकला
आणि मेलेल्या ग्लॅडिसला ढकलत निघाला,
बर्फात अडकलेली गाडी शेजारी ढकलतात तसा.
चढावर एकदा घसरला. पुन्हा लावला जोर.
शिट्टी वाजली तेव्हा दोघं वर होते.
तरी अकरा गुणांनी हरलोच.

परतीच्या बसमध्ये मी म्हटलं, चूक माझी.
मरियम म्हणाली, नाही, शेवटची तपासणी माझी होती.
आर्विड म्हणाला, भोकांमुळे वायर हलली असणार.
भांडलो त्यावरून! प्रत्येकाला ती चूक स्वतःची हवी होती.
लॉइड डोळे मिटून, गॉगल अजून कपाळावर.
झोपला असावा असं वाटलं.
आयोवा लागल्यावर खिडकीला सांगितल्यासारखं म्हणाला,
"टक् झालं तरी एकदा ओढून बघावं."
आणि मग, "जेवलात का कुणी?"

आता मी पवनचक्क्या दुरुस्त करते,
जमिनीपासून तीनशे फुटांवर.
वर वारा इतका असतो
की टक् ऐकूच येत नाही.
मी ओढून बघते.