पहिला नंबर

ऐरोली, सेक्टर तीन.
दर शनिवारी रात्री साडेनऊला
आलेखवहीत दहा ओळी आखून
मी रेडिओपाशी बसायचे.
गाणं चढलं तर हिरवा बाण, उतरलं तर लाल,
नवीन आलेल्याला चांदणी.
ब्याण्णव, त्र्याण्णव. एकही आठवडा कोरा नाही.

परवा वही सापडली, पलंगाच्या पेटीत,
विजेच्या बिलांखाली.
नावं वाचते, सूर येत नाहीत.
सहा आठवडे वर ठाण मांडून बसलेलं एक गाणं,
त्याची चालही आठवेना.

मग जुलैतलं ते पान.
मला कावीळ, वाशीच्या इस्पितळात सलाईन.
अक्षर अण्णांचं,
रबाळ्याच्या कंपनीत बॉयलरच्या नोंदी करायचे
तसंच, तिरकं:

१०. पुरुष. घाईत आहे.
९. नुसते ढोल. बरे आहेत.
८. कळले नाही.
७. मागचे चौथे बहुतेक. लाल बाण दिला आहे.
५. दोघे भांडतात, मग एकत्र गातात.
४. बाई. फार रडते.
३. हे तू आंघोळ करताना म्हणतेस.
२. शिट्टी चांगली.
१. लाइट गेली, ९.५८.

सहावं नाहीच.
कुकर बंद करायला उठले असतील.

पहिलं कुठलं होतं
ते गालांच्या दुकानात सहज कळलं असतं,
काचेवर यादी लागायची.
मी विचारलं नाही.
तेव्हा रागच आला होता, पान फाडणार होते.

आता दिसलं :
‘लाइट गेली’च्या पुढे
पेन्सिलीने, जरा वाकडी,
चांदणी काढलीय.