दुतोंड्या मारुती

नववी ब. साथीचे रोग.
फळ्यावर आलेख काढला : चढ, माथा, उतार.
मागच्या बाकावरून निरंजन गायधनी :
"बाई, कलियुग कधी संपतं?"
मिस्बाह म्हणाली, "आमच्यात तारीख
कुणालाच सांगितलेली नाही."
कुणी हसलं नाही.

त्या उन्हाळ्यात निरंजनचे वडील
रामकुंडावर मोबाइल कानाला धरून
पिंडदान करवत होते. यजमान सुरतेत अडकलेला,
त्याच्या बापाचं नाव फोनमध्ये तुटत होतं.
विषाणूचा आकार मला माहीत आहे.
त्या तुटण्याचा नाही.

खडू बदलला. विचारलं,
"पूर आला की पंचवटीत काय विचारतात?"
सगळे एकदम : "मारुतीच्या कुठवर आलं?"
घोटा. गुडघा. कंबर. छाती.

मग आलेखाशेजारी मारुती काढला,
वाकडा, शेपूट विसरलेला,
आणि रेघा मारत गेले.
देवाची आपण मोजपट्टी केलीय, पोरांनो,
आणि देवानं, बहुधा, हरकत घेतलेली नाही.

"डोक्यावरून गेलं तर?"
"त्याआधी, कंबरेला असतानाच,
सराफ बाजारातला माल माळ्यावर.
मग हात मोकळे. जोडा हवे तर."

घंटा झाली.
जाता जाता मिस्बाहनं
राहिलेलं शेपूट काढून दिलं.