दाव्याचं टोक

मॉरीन बाई पहिल्यांदा आल्या
तेव्हा म्हणाल्या, स्कूटर शेवटच्या पायांवर आहे.
मी वाकून बघितलं.
दोन चाकं, एक स्टँड, तोही वाकडा.
गाडीचे पाय मोजायची ही माझी पहिलीच वेळ.

शिवोलीच्या तारीजवळ माझं गॅरेज.
वर पत्रा, खाली ऑइल प्यालेली माती.
इंग्रजी मी नटबोल्टसारखं जमवलं,
हाताला लागेल ते, मापाचं असो-नसो.
ब्रेक, केबल, टुमारो, नो प्रॉब्लेम.
एवढ्यावर पंधरा सीझन निघाले.
पण या बाईंचं बोलणं
कुठल्याच पान्याला बसेना.

बिल सांगितलं तर म्हणाल्या,
एक हात आणि एक पाय द्यावा लागेल वाटतं.
मी घाबरून पन्नास रुपये कमी केले.
आता बंद पडणार नाही ना, विचारलं.
नाही, म्हटलं.
तर म्हणे, लाकडाला हात लाव.
सगळं लोखंड. शेवटी हातोडीचा दांडा धरून उभा राहिलो,
कोर्टात शपथ घेतल्यासारखा.

एकदा थट्टेत म्हणालो, तुमच्या टाकीत फेणी निघाली.
त्या हसल्या : तू माझा पाय ओढतोयस.
मी?
समोर तुळशीदासनं दुसरं गॅरेज टाकलं
तेव्हाही मी पाय ओढला नाही,
उलट हवेचा पंप उसना दिला,
तो अजून यायचाय.
दोन रात्री ते लागून राहिलं मनाला.
तिसऱ्या सकाळी कायतानला गाठलं.
बावीस वर्षं बोटीवर काढली त्यानं,
आता सायकलवरून पाव विकतो.
भोंपू वाजवत हसला :
अरे, त्यांच्यात पाय ओढतात तो गमतीनं,
माणूस पडत नाही.
मग पावाच्या कागदावर आणखी चार लिहून दिली.
कागद मी पंक्चरच्या डब्यात ठेवला,
सोल्यूशनच्या ट्यूबखाली.

मार्च सरताना त्या स्कूटर ढकलत आल्या.
पणजीत तिसऱ्यांदा कागद परत केले होते,
घरमालकाला घर हवं होतं,
आणि तिकडे बहीण फोन उचलत नव्हती.
टायरांच्या ढिगावर बसल्या
आणि कसल्याशा टोकाला आलेय म्हणाल्या.
टेदर. शब्द नवा. कायतानच्या कागदावर नव्हता.
त्यांनी हातानंच दाखवलं,
गळा, दोरी, ताण.

हे मला कुणी समजवावं लागलं नाही.
केरीला आमची तांबू,
डोंगराखाली दाव्याला बांधलेली.
खुंटीभोवती दोरीएवढ्या गोलात गवत संपलेलं,
नुसती लाल माती,
आणि ती कडेला मान ताणून,
जीभ बाहेर,
हिरवं पातं चार बोटांवर.
दहा वर्षांचा असेन मी.
खुंटी उपटायची, सहा पावलं पलीकडे
दगडानं ठोकायची. तेवढंच काम असायचं.

ते सांगण्याइतकं इंग्रजी माझ्याकडे नव्हतं.
होतं ते जोडलं :
रोप सेम, मॅडम. स्टिक चेंज.

त्या बघत राहिल्या.
कसली स्टिक?

हातात स्क्रू-ड्रायव्हर होता. मातीत रोवला,
उपटला,
जरा बाजूला रोवला.

बराच वेळ त्या त्या दोन भोकांकडे बघत होत्या.
मग पर्समधून पेन काढलं,
लिहायला काही सापडेना.
मी पंक्चरचा डबा उघडला.