गाळलेली ओळ

रोला चौकातल्या टायपिंग सेंटरवर
आक्काचा साठ दिवसांचा जीव
एकशे चाळीस दिरहममध्ये बसला.
व्हिसासोबत विमा लागतोच, फैझान म्हणाला,
आणि जन्मतारीख विचारली.
एक जून.
तो हसला. सकाळपासूनची ही चौथी एक जून.
मास्तरांनी अख्खं गाव एकाच दिवशी जन्माला घातलं
हे त्याला हिंदीतून समजावता समजावता
मी नेसरीला फोन लावला.

आधीपासूनचा काही आजार?
‘लिव्ह, न्हाई.’
साखर?
‘चार वर्सं झाली, बिनसाखरंचा चा पितोय.
साखर यायची कुठनं?’
गुडघे?
‘हाईत की. दोन.’
बीपी?
‘गोळी घेटली की नसतंय.’
फैझानची बोटं कीबोर्डवर थांबलेली.
होय लिही, मी म्हणालो. सगळ्याला होय.
हप्ता साठ दिरहमनं वाढला.
हे आक्काला आजही माहीत नाही.

ती आली, घनसाळ तांदूळ आणि चटणीची बरणी घेऊन,
गोळ्यांची पाकिटं कमरेच्या पिशवीत,
कारण सामान हरवतं असं कुणी तरी सांगितलेलं.
दुसऱ्याच रात्री म्हणाली, त्यो कागुद वाच.
सही केलीयास, म्हंजे वाचलाच असशील.
मी वाचला नव्हता.
अकराव्या मजल्यावर, पंख्याखाली,
इंग्रजीतून मराठी करत वाचू लागलो.
दवाखान्यात भरती: इतके.
रुग्णवाहिका: इतके.
दात: फक्त अचानक दुखल्यास.
‘दात काय कळवून दुखतोय व्हय?’
सामान उशिरा पोचल्यास, पासपोर्ट हरवल्यास,
आणि मग माझं बोट
एक ओळ सोडून खाली सरकलं.
ते तिनं पाहिलं.
‘मदी काय गाळलास?’

मृत्यू झाल्यास
पार्थिव मायदेशी पोचवण्याचा खर्च.

‘किती?’
पंचवीस हजार दिरहम.
‘आपलं किती?’
साडेपाच लाखांच्या वर.
एसीचं पाणी गॅलरीतल्या बादलीत ठिबकत होतं.
खाली कुणी तरी गाडी पार्किंगमधून काढता काढता
हॉर्नवर हात ठेवून बसलेलं.
‘एवढ्यात जित्ती असताना
धा येळा यीऊन जाईन की मी.
इचार त्यास्नी, तसं जमतंय काय.’

साठ दिवसांत काहीच झालं नाही.
मे महिन्याचं ऊन काचेवर येऊन परत जायचं.
संध्याकाळी आम्ही खाडीच्या कडेनं चालायचो,
ती नावा मोजायची, मी तिची पावलं.
एकदा खोकली म्हणून तळमजल्यावरच्या दवाखान्यात नेलं.
लिजी सिस्टरनं पट्टा गुंडाळला, आकडा पाहिला,
म्हणाली, माझ्यापेक्षा बरं आहे.
पैसे घेतले नाहीत. क्लेम कसला करायचा?
आक्का हिशेबाची पक्की.
जायच्या आदल्या दिवशी बॅगेला दोरी आवळताना
‘म्हंजी ते पैसं बुडालं?
आजारी पडलो न्हाई, त्ये माझंच चुकलं.’

तिला सोडून आल्यावर खोलीत तांदळाचा वास होता.
झोप येईना, म्हणून कंपनीचा माझा विमा काढला.
चौदा वर्षांत पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचला.
तीच ओळ. रक्कम थोडी कमी.
खाली, कुणाला कळवावे:
हौसाक्का दत्तू नांदवडेकर,
आणि नेसरीच्या घरचा जुना फोन नंबर,
जो तोडून दहा वर्षं झाली.
तो फोन अजून फळीवर आहे,
क्रोशाच्या रुमालाखाली.
बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत बसलो.
मग नंबर बदलायचा मेल केला,
स्पेलिंग दोनदा तपासून.

सकाळी गोव्याहून तिचा फोन आला,
मागे टॅक्सीवाल्यांचा गलका.
‘उतरलो बग सुखरूप. विमा कवापतूर हाय म्हणालास?’
आज रात्री बारापर्यंत.
‘मग बारापतूर बिनघोर,’ ती म्हणाली.
विमानानं तिकडची हद्द सोडली
तेव्हाच तो संपला होता.
होय, म्हणालो.