टिंब

तिकीट साधं होतं.
'उशिराचं कारण' या रकान्यात
किमान दहा अक्षरं सक्तीची करावीत.
अंदाज: अर्धा दिवस.
मला चार मिनिटं लागली असती,
उरलेल्या वेळात चहा, आणि बाणेरच्या खिडकीतून
टेकडीवरचं गवत वाळताना बघणं.

पण आधी डेटा उघडला.
तीन हजार नऊशे बारा गाड्या उशिरा सुटलेल्या
आणि प्रत्येकीच्या कारणात
एक टिंब.
कुणीतरी रोज, न कंटाळता,
पेन चालतंय का बघावं तसं टेकवलेलं.

दुसऱ्या दिवशी भोसरीला निघालो.
नाशिक फाट्याला सिग्नल तिसऱ्यांदा लाल झाला
तेव्हा वाटलं, फोन केला असता तरी चाललं असतं.

डिस्पॅचच्या टेबलाशी शब्बीर तांबोळी.
चष्म्याला दोरी. कीबोर्डवर प्लॅस्टिकचं कव्हर,
कव्हराखाली बडीशेप.
"पुण्याहून आलात?" म्हणाले,
जणू मी बोटीतून उतरलो होतो.

टिंबाचं विचारलं. ते हसले नाहीत.
"इथं लिहिलं की मीटिंगमध्ये भिंतीएवढं दिसतं.
मग कुणाचातरी पगार कापतात."
आणि खणातून लाल पाठीची वही काढली.

काटा बंद, पंचवीस मिनिटं.
गेज सापडेना, रात्रपाळी कुलूप लावून गेली.
सोनकांबळेच्या मुलीला ताप, फोर्कलिफ्टला माणूस नाही.
काटा बंद.
साहेबांनी फोनवरून थांबवली.
काटा बंद.
साहेबांनी फोनवरून थांबवली.

"बसवा आता दहा अक्षरांत."

मी दिवसभर तिथंच बसलो, काही न करता.
त्यांच्या डब्यातली मेथी खाल्ली.
एक वाजता काट्यावरचा पोरगा जेवायला गेला,
दीडला आला.
आणि एक-दहाला, ठरल्याप्रमाणे,
चार गाड्या काट्यासमोर येऊन उभ्या.

एक-दहा कुणी ठरवलं?

रात्री घरी जुना कोड उघडला.
ओळ दोनशे सहा. खाली माझं नाव,
तीन वर्षांपूर्वीची तारीख.
तेव्हा बाणेरमध्ये बसून मला एक-दहा बरं वाटलं होतं.
कुणाला विचारल्याचं आठवत नाही.

एक-दहाचं एक-चाळीस केलं.
तिकीट न करताच बंद केलं.

आई सोसायटीत सांगते, तो कंप्युटरवर असतो.
केतकी दंडवतेंनी आढाव्यात विचारलं,
"दोन दिवसांत एक आकडा?"
हो म्हटलं.
"आणि बाकीचा वेळ?"
विचारत होतो.
त्यांनी काहीतरी टिपून घेतलं. काय, ते दिसलं नाही.

काट्याच्या गाड्या आता वेळेवर सुटतात.
साहेबांच्या फोनवर मात्र
माझ्याकडे कुठली ओळ नव्हती.
तांबोळींना तसं सांगितलं.
ते म्हणाले, माहितेय,
तेवढं टिंब राहू द्या.